यंत्रमानवाचा हात आणि आपला हात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदा आपल्या चिटणीसबाईंनी असे ठरविले की, वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता बोलवावयाचा नाही. आपल्यातल्याच चौघींनी उठून, आपापल्या घरात जे काही नवे आले आहे त्याविषयी बोलावे. माझ्या वाट्याला आला यंत्रमानव! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे फळ्यावर विषय वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिले आहे. पण त्याच भगिनींनी मला जिन्यात गाठून विचारलेही आहे, "तुमची मुलगी पुण्याला नोकरी करते म्हणजे नेमके काय करते हो? दिवसभर खेळ खेळते म्हणे!" मुलीला पाहावयास आलेल्या एका घरच्या मंडळींनीही हाच प्रश्न केला, आणि उत्तर पुरते व्हायच्या आत पोहे संपवून ती उठली. ते उत्तर आज सर्वांसमोर एकदाच द्यावे म्हणून मी उभी आहे. शेवटी मंडळापाशी एक मागणेही मागणार आहे, तेवढे ऐकून घ्यावे.

माझी मुलगी संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या एका लहानशा कचेरीत आहे. खेळातल्या पात्रांना हालचाल देणे हे तिचे काम. सध्या तिच्या हाती एक यंत्रमानव आहे. अंग लोखंडाचे, काम घरगड्याचे. तो फळीवरचा डबा काढतो, बादली उचलतो, जिना चढतो. अर्थात हे सारे पडद्यावर.

असा खेळ कुणी अगदी मुळापासून घडवीत बसत नाही. त्यासाठी 'गेम इंजिन' नावाची तयार व्यवस्था मिळते. आपण नव्या घरात राहावयास जातो तेव्हा ओटा, नळ, दिवे तेथे असतातच. आपण आपली भांडी मांडून स्वयंपाकाला लागतो. तसेच हे. उजेड कसा पडावा, वस्तू खाली कशी पडावी, भिंतीवर आपटली तर काय व्हावे, आवाज कुठून यावा, हे सारे इंजिनात आयते असते. अशी इंजिने पुष्कळ आहेत. 'अनरियल' १९९८ साली आले, 'युनिटी' २००५ साली. अर्जेंटिनातल्या दोघांनी केलेले 'गोडो' २०१४ साली सर्वांना फुकट खुले झाले. हे इंजिन बहुधा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र काढते. म्हणजे एका चित्राचा सगळा हिशेब एका सेकंदाच्या साठाव्या भागात उरकावा लागतो. हा वेळ ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पात्राच्या अंगात काय असते ते सांगते. वरून लोखंडी पत्रा दिसतो, पण आत हाडांचा सापळा असतो. खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड, कोपरापासून मनगटापर्यंत दुसरे, आणि मध्ये सांधे. हाडाची लांबी ठरलेली. बदलतो तो फक्त सांध्याचा कोन. माणसाच्या पात्रावर कातडी असते, ती ताणली जाते आणि लहानसहान दोष झाकून नेते. यंत्रमानवाचे तसे नाही. त्याच्या कोपरावर बिजागरी उघडी दिसते. बिजागरी भलतीकडे वळली की लहान मूलसुद्धा ओळखते. म्हणून यंत्रमानवाला हालविणे एका परीने सोपे आणि एका परीने अवघड. 'रोबॉट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आला. त्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. वेठीला धरलेला गडी, असा त्याचा मूळ भाव.

हा हात हालवावयाच्या दोन रीती आहेत. पहिली सरळ रीत. खांदा इतके अंश वळव, कोपर इतके अंश वाकव, मनगट इतके फिरव, असे एकेका सांध्याला सांगत जावयाचे. हात जेथे पोचेल तेथे पोचेल. नाच करावयाचा असेल, कुणाला हात हालवून निरोप द्यावयाचा असेल, तर ही रीत उत्तम. पण फळीवरच्या डब्याला बोट लागले पाहिजे असे असेल, तर मोठी पंचाईत होते. सर्व कोन देऊन झाल्यावर कळते की हात डब्यापासून चार बोटे दूर राहिला. मग खांदा थोडा वळवा, की कोपर बिघडते. कोपर नीट करा, की हात डब्याच्या आत घुसतो. एवढे करून डबा बसविला, आणि खेळणाऱ्याने तो दुसऱ्या फळीवर ठेवला, तर सारे मुसळ केरात!

दुसरी रीत उलटी. हात कुठे पोचवावयाचा ते आधी सांगावयाचे, आणि खांदा व कोपर किती वळावे हे संगणकाने मागे मागे हिशेब करीत शोधावयाचे. हिलाच 'इन्व्हर्स किनेमॅटिक्स' म्हणतात. नाव जड आहे, पण काम आपल्या ओळखीचे आहे. आपण डबा काढताना 'आता खांदा चाळीस अंश' असे कधी मनात म्हणतो काय? आपण डब्याकडे पाहतो आणि हात तेथे जातो. आपले शरीर जन्मभर हा उलटा हिशेब न बोलता करीत असते. संगणकाला मात्र तो शिकवावा लागतो.

तो हिशेब पाहून मला माझी शाळा आठवली. सातवीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकीने कंपास घेऊन त्रिकोण काढलेला आहे. तीन बाजू दिल्या की त्रिकोण ठरतो. हाताचे अगदी तसेच आहे. समजा, यंत्रमानवाचा दंड ३० सेंटिमीटर, कोपरापासून हातापर्यंतचे अंतर २५, आणि डबा खांद्यापासून ४० सेंटिमीटरवर. ४० ची रेघ काढा. खांद्यावर कंपास ठेवून ३० चा कंस मारा, डब्यावर ठेवून २५ चा. दोन कंस जेथे छेदतील तेथे कोपर! तेथला कोन मोजला तर सुमारे ९३ अंश भरतो, म्हणजे काटकोनाहून थोडासा मोठा. संगणकापाशी कंपास नाही, तो हेच सूत्राने करतो. आणि ते त्याला इतके सोपे जाते की सेकंदाचा साठावा भाग त्याला पुरून उरतो.

डबा ६० सेंटिमीटरवर असेल तर? ३० आणि २५ मिळून ५५. त्रिकोण होतच नाही, हात पुरत नाही. संगणक अशा वेळी हात डब्याच्या दिशेने ताठ करून ठेवतो. पण यात एक खोड आहे. डबा ५५ च्या आतबाहेर होत राहिला, तर कोपर खाडकन ताठ आणि खाडकन वाकडे होऊ लागते, आणि पात्राला आचके बसल्यासारखे दिसते. म्हणून शहाणी कारागीर हात पुरता ताठ होऊ देत नाही. त्याआधीच ती पात्राला कमरेतून पुढे झुकविते किंवा एक पाऊल पुढे टाकावयास लावते. आपणही टाचा उंचावतोच की!

याहून मोठी अडचण पुढे आहे, आणि माझ्या भाषणाचा मुद्दा तोच आहे. कागदावर दोन कंस दोन ठिकाणी छेदतात, एकदा रेघेच्या वर आणि एकदा खाली. म्हणजे कोपराला दोन जागा मिळाल्या. कागद सोडून खऱ्या जागेत आलो तर दोन नव्हे, असंख्य जागा आहेत. बसल्या जागी करून पाहा. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तळहात टेका. खांदा हालवू नका, तळहात उचलू नका. आता कोपर वर करा, बाहेर न्या, खाली सोडा. फिरते की नाही? खांदा आणि हात यांच्यामध्ये जणू एक मोठी बांगडी धरली आहे, आणि कोपर त्या बांगडीवरून फिरते आहे. आपले कोपर सगळी बांगडी फिरत नाही, कारण आपले सांधे अडतात. पण संगणकाच्या त्रिकोणाला सगळी बांगडी सारखीच. हात डब्यावर पोचला, त्याचे गणित सुटले. कोपर पोटात शिरले की भिंतीत गेले, याचे त्याला सोयरसुतक नाही.

म्हणून कोपर कुणीकडे राहावे याची खूण माणसाला द्यावी लागते. ब्लेंडर नावाच्या प्रोग्रॅममध्ये तिला 'पोल टार्गेट' म्हणतात, युनिटीत 'हिंट' म्हणतात. पात्राच्या मागे किंवा खाली एक अदृश्य ठिपका ठेवावयाचा. कोपर त्याच्याकडे तोंड करून राहते. शिवाय प्रत्येक सांध्याची मर्यादा घालून द्यावी लागते. कोपर उलटे वाकावयाचे नाही, गुडघा पुढे मुडपावयाचा नाही. यंत्रमानवाचे मनगट गरगर फिरते असे ठरविले तरी चालते, कारण तो यंत्र आहे. पण एकदा ठरविले की खेळभर तसेच पाळले पाहिजे, नाही तर पाहणाऱ्याचा विश्वास उडतो.

दोन हाडांचे झाले. पण यंत्रमानवाला सात-आठ सांध्यांची सोंड असेल, तर साधा त्रिकोण पुरत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या युक्त्या आहेत. त्यांतली एक २०११ साली आंद्रेआस अरिस्टिडू आणि जोन लॅसेनबी या दोघांनी मांडली. तिला 'फॅब्रिक' म्हणतात. ही मला फार आवडली, कारण तिच्यात कोनांचा हिशेबच नाही. टोकाचा तुकडा सरळ उचलून डब्यावर ठेवा. मागचा तुकडा त्याच्यामागे ओढा, लांबी मात्र तीच ठेवा. असे ओढत ओढत खांद्यापाशी आलात की दिसेल, खांदाच आपल्या जागेवरून सुटला आहे. काही बिघडत नाही. आता खांदा मूळ जागी बसवा आणि तेथून पुढे एकेक तुकडा सरळ करीत जा. टोक डब्यापासून थोडे सरकेल. पुन्हा टोकाकडून सुरुवात करा. गादीवर चादर घालताना आपण एकदा पायथ्याशी ओढतो, एकदा उशाशी, आणि दर खेपेला सुरकुती कमी होते. तसेच येथे. थोड्याच फेऱ्यांत दोन्ही टोके आपल्या जागी बसतात.

ही विद्या काही खेळासाठी जन्मली नाही. ती कारखान्यातून आली. १९५५ साली देनाविट आणि हार्टेनबर्ग या दोन विद्वानांनी सांधे आणि दांडे लिहून ठेवण्याची एक रीत घालून दिली. दर सांध्याला चार आकडे पुरतात. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये, जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' नावाचा यंत्रहात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्याचे, माणसाला भाजण्याचे काम त्याला दिले. त्याला हालचाली एकदा शिकवून ठेवीत आणि तो त्याच पुन्हा पुन्हा करी. वस्तू हालली की त्याची फसगत. 'अमुक जागी जा' एवढेच सांगून यंत्राने स्वतः कोन काढावे, यासाठी उलटा हिशेब हवा होता. १९६८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड पायपर यांनी दाखविले की, सहा सांध्यांच्या हातात लागोपाठच्या तीन सांध्यांचे आस एकाच बिंदूतून जात असतील, तर हा हिशेब नेमका सुटतो. म्हणून आजही कारखान्यांतल्या पुष्कळ यंत्रहातांची मनगटे तशी घडविलेली असतात. पुढे १९८५ साली जिरार्ड आणि मॅसिजेव्स्की यांनी संगणकाच्या चित्रांतल्या पायांच्या प्राण्यांना चालविण्यासाठी ही विद्या वापरली. तेथून ती खेळांत आली.

पायांचेही दोन शब्द सांगते. खेळातले पात्र सपाट जमिनीवर चालेल असे आधी तयार केलेले असते. ते जिन्यावर आले की एक पाय हवेत लोंबकळतो आणि दुसरा पायरीत रुततो. मग पावलाच्या वरून खाली एक अदृश्य ओळंबा सोडतात, जमीन कुठे लागते ते पाहतात, आणि पाऊल तेथे ठेवून गुडघ्याचा उलटा हिशेब करतात. यातही एक मेख आहे. दोन पावले वेगळ्या उंचीवर असली तर कंबर आधी खाली आणावी लागते, आणि ती खालच्या पावलाच्या मानाने; नाही तर तो पाय पुरतच नाही. आठ पायांचा कोळ्यासारखा यंत्रमानव असेल, तर दर पायाला जमिनीवर एक घरची जागा नेमून देतात. धड पुढे सरकते, तशी ती जागाही सरकते. पाऊल मात्र होते तेथेच चिकटून राहते. दोहोंत ठरलेल्यापेक्षा जास्त अंतर पडले की पाऊल उचलावयाचे, कमानीतून न्यावयाचे, आणि नव्या जागी टेकवावयाचे. शेजारचे दोन पाय एकदम उचलावयाचे नाहीत, एवढा नियम. इतक्या साध्या नियमांवर ते जनावर खडकांवरून असे चालते की पाहत राहावे.

आता माझ्या घरातली गोष्ट. गेल्या दिवाळीत मुलगी घरी आली, तीही काम घेऊनच. तिच्या यंत्रमानवाला भरलेली बादली उचलून न्यावयाची होती. हात कडीवर अचूक बसत होता, कोपर बिजागरीप्रमाणे वाकत होते, पाय जमिनीला टेकत होते. गणिताचे काही चुकले नव्हते. तरी ती म्हणाली, "आई, बघ ना, खोटे वाटते." मी पाहिले. म्हटले, "अग, तुझी बादली रिकामी आहे!" ती म्हणाली, "नाही, आत पाणी दाखविले आहे." मी म्हटले, "पाणी दाखविले असेल. पण हा रिकामी बादली घेऊन चालला आहे."

मी न्हाणीघरातून बादली भरून आणली आणि तिच्यापुढून चालून दाखविले. तिने फोनवर त्याचे चित्रण केले आणि आम्ही दोघींनी ते हळूहळू पाहिले. उचलण्याच्या आधी मी पाय फाकवून बादलीजवळ घेते. कडी हातात आली तरी बादली लगेच हालत नाही. आधी हात ताणला जातो, मग खांदा उतरतो, आणि मग बादली जमीन सोडते. उचलल्यावर धड दुसऱ्या बाजूला कलते आणि मोकळा हात बाहेर जातो. पावले लहान पडतात. ठेवताना मी गुडघ्यांतून वाकते, आणि बादली टेकल्यावर क्षणभर तेथेच थांबते. इतकी वर्षे पाणी भरले, पण मी हे सारे करते हे मलाही पाहूनच कळले.

मुलीने ते सारे एकेक करून यंत्रमानवाच्या अंगात घातले. कडी धरताना हात एकदम चिकटवू नये, उलट्या हिशेबाचा जोर शून्यापासून एकापर्यंत हळूहळू चढवावा, सोडताना तसाच उतरवावा, अशी इंजिनात सोय आहे; ती तिने वापरली. कंबर कलविली, मोकळा हात बाहेर नेला. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर बादलीत पाणी होते! बादलीचे चित्र तेच होते, त्यात थेंबाचाही फरक केला नव्हता.

भगिनींनो, मला सांगावयाचे आहे ते हे. हात डब्यापर्यंत नेण्याचा हिशेब यंत्र करते, आणि आपल्यापेक्षा चांगला करते. पण त्या हिशेबाला उत्तरे असंख्य निघतात. त्यांतले खरे कोणते, हे ज्याने माणसे काम करताना नीट पाहिली आहेत तोच सांगू शकतो. बादली कुठे आहे ते गणिताला कळते. ती जड आहे हे कुणीतरी त्याला सांगावे लागते. माझ्या मुलीची नोकरी म्हणजे हे सांगणे. ती खेळ खेळत नाही. खेळणाऱ्याला क्षणभर खरे वाटावे, यासाठी ती आठ-आठ दिवस एका कोपरावर घालविते. जिन्यात विचारणाऱ्यांना हे माझे उत्तर.

आता मागणे. आपल्या वस्तीतली एक मुलगी बारावी झाली. चित्रे सुरेख काढते. तिला हेच शिकावयाचे आहे. तिची आई महिन्यापूर्वी माझ्याकडे आली. एका क्लासने त्यांना फीचा असा काही आकडा सांगितला होता की ती माउली पाटल्या पदरात बांधूनच आली होती. "मोडू का?" म्हणून विचारीत होती. तिच्या परवानगीनेच हे सांगते आहे. मी मुलीला फोन लावून विचारले. ती म्हणाली, "काकूंना सांग, पाटल्या हातात घाला. आधी सहा महिने घरी शिकू दे."

हे शक्य आहे. ब्लेंडर फुकट मिळतो. त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. तो ज्या कंपनीचा होता ती बंद पडली, तेव्हा २००२ साली वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी जमवून तो सोडवून घेतला आणि सर्वांना खुला केला. आपल्या मंडळाने वर्गणी काढून शिवणयंत्र घेतले होते, त्यातलाच हा प्रकार. त्याच ब्लेंडरमध्ये केलेल्या लाटव्हियाच्या 'फ्लो' या एकही शब्द नसलेल्या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले. गोडोही फुकट. गणित म्हणाल तर सुरुवातीला कंपासाचा त्रिकोण पुरतो. पुढे जास्त लागते, आणि ज्या मुलीला मोह पडेल ती ते शिकेल.

मी कुणाला भूल घालीत नाही. या धंद्यात नोकरी कायम नसते. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत परदेशातल्या मोठमोठ्या खेळ-कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. माझ्या मुलीच्या नोकरीचीही मला रात्री काळजी वाटते. म्हणूनच सांगते की, मुलीला हे काम झेपते का, आवडते का, हे कळण्याच्या आत आईच्या पाटल्या जाऊ नयेत. विद्या मात्र वाया जाणारी नाही. सांध्यांचा हाच हिशेब कारखान्यातल्या यंत्रहाताला लागतो आणि चित्रपटालाही लागतो.

आपल्या मंडळाच्या कपाटाशेजारी जमाखर्चाचा संगणक आहे. महिन्याचे पहिले चार दिवस सोडले तर त्यावर विणकामाचा रुमाल पांघरलेला असतो. मुलीने तो पाहिला आहे. गोडो त्यावर नीट चालतो, ब्लेंडर जरा रखडेल पण चालेल. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ३ ते ५ हा संगणक वस्तीतल्या शिकू इच्छिणाऱ्या मुलींना खुला करावा, अशी माझी मंडळाला विनंती आहे. किल्ली माझ्याकडे द्यावी. मी तेथे विणकाम घेऊन बसेन. विजेचा खर्च वर्षभर माझ्याकडून. अडले तेथे माझी मुलगी रविवारी फोनवरून सांगावयास कबूल झाली आहे.

आणि दुसरे मागणे वडीलधाऱ्या भगिनींकडे. या मुली कदाचित तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतील. म्हणतील, "आजी, जरा पुन्हा एकदा पीठ मळा ना," "मावशी, गाठोडे पुन्हा उचला ना." त्यांना हाकलू नका. तुमचे कोपर कुणीकडे जाते ते त्या पाहत असतील. पाटा-वरवंट्यावर, जात्यावर, रहाटावर ज्यांचे हात चालले, त्यांच्या हालचाली कुठल्याही इंजिनात तयार मिळत नाहीत. त्या आपल्या अंगातच आहेत, आणि आपल्याबरोबर जाण्याआधी कुणीतरी त्या पाहून ठेवाव्यात.

माझ्या विनंतीचा विचार कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत व्हावा.